लेखापरीक्षकास खुलासा

मा. लेखापरीक्षक साहेब,
आमच्या मच्छीमार संस्थेच्या आवक वहीत
पान बासष्टपासून पुढे
रोहू, कतला, मरळ यांच्या शेजारी, समासात
जे आकडे आपल्याला दिसले,
आणि आपण लाल शाईनं विचारलंत,
‘४४ दक्षिण, ८० पूर्व : किलो की रुपये?’
त्याचा हा खुलासा.

ते आकडे म्हणजे माझी बहीण.

निर्गुणा गोविंदा मारबते.
जन्म तलावाच्या पाळीखालचा, ढिवर मोहल्ला.
आमच्यात बायका मासोळी विकतात,
डोंग्यावर चढत नाहीत.
ही चढली.
शिंगाड्याच्या वेलांत डोंगा अडकवून बसली,
बाबानं काठावरून बांबू फेकून मारला.
तिनं तोच बांबू उभा केला.

त्या साली मंडईच्या नाटकाचा एक पडदा
उंदरांनी खाल्लेला,
कंपनीवाले वडशाला परतताना इथंच टाकून गेले.
त्यावर समुद्र होता.
रंगवणाऱ्यानंही तो पाहिलेला नसावा,
लाटांना धानाच्या बांधीसारखे कोपरे होते.
निर्गुणानं तो बांबूला बांधला.
समुद्र फुगला
आणि डोंगा निघाला, वल्ह्याशिवाय,
पाणकोंबड्यांच्या मधून
थेट पलीकडच्या मोहापर्यंत.
परत मात्र येता आलं नाही.
चिखल तुडवत, पडदा डोक्यावर घेऊन आली, मार खाल्ला.

वाऱ्याच्या उलट कसं यायचं
हे शिकायला तिला पुढं अकरा वर्षं लागली.
नागपूर, अंबाझरी, एनसीसीची नेव्हल तुकडी.
मग गोव्यात दुसऱ्यांच्या बोटींचे तळ खरवडणं.
मग ही शर्यत,
जिच्यात माणूस एकटा निघतो,
पृथ्वीला वळसा घालतो, कुठंच थांबत नाही,
आणि कोणाला मदत मागितली तर बाद.

रोज संध्याकाळी तिची जागा मोबाईलवर दिसायची.
संस्थेत दुसरा कागद नव्हता, साहेब.
काट्यावर मासळी, हातात पेन. लिहून ठेवायचो.

८० पूर्व आलं त्या दिवशी
शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवली.
वर आमचं गाव, खाली चेन्नई, लंका,
मग पाणी, मग पाणी,
मग ती. सरळ आमच्या नाकासमोर.

त्याच रात्री फोन आला.
“मंडई झाली का गा?”
“झाली.”
“शिंगाडा काय भाव गेला?”
“चाळीस.”
मग बाबानं फोन घेतला. बोलला नाही. तीही नाही.
बराच वेळ नुसता आवाज ऐकत राहिला,
फोन ठेवला आणि म्हणाला,
“पोट्टीची काठी मोडली.”
आम्ही हसलो. ज्यानं समुद्र पाहिला नाही तो सांगतो!
(त्या तारखेची अकरा किलो मरळ
नोंदवायची राहिली. ती चूक माझी. कबूल.)

शर्यतवाल्यांनी कळवलं ते तीन आठवड्यांनी :
डोलकाठी मोडलेली, त्याच दिवशी, दुपारी.
उरलेल्या तुकड्यांना बांधून तिनं नवी उभी केली होती.
फोटो आला. बाबानं चष्मा पुसून पाहिला.
पळसाच्या मुळीच्या दोरीला आम्ही मारतो ती गाठ,
भिजली की आवळते.
तिनं विचारली नव्हती. त्यानं सांगितली नव्हती.
नियम मोडला नाही, हे इथं मुद्दाम नमूद करतो.

नऊ बोटी निघाल्या, पाच पोचल्या, ती पाचवी.
पेपरात आलं, ‘पहिली.’
माय म्हणाली, पहिली की पाचवी,
एक काय ते सांगा,
मले पेढे मोजाचे आहेत.

सबब, सदर आकड्यांमुळं संस्थेचं
कोणतंही आर्थिक नुकसान झालेलं नाही.
ती सध्या गावातच आहे.
रविवारी मोहल्ल्यातल्या पोरींना घेऊन
वाऱ्याच्या उलट यायला शिकवते.
संस्थेचा डोंगा क्रमांक चार
त्यासाठी वापरला जातो, भाडं आकारलेलं नाही,
पुढंही आकारणार नाही.
हा आक्षेप आपण आत्ताच
लाल शाईनं नोंदवून घ्यावा.