कोवळा बर्फ

नोव्हेंबरात व्होर्म्सी बेटाभोवती
समुद्र काठाकाठानं धरू लागतो,
दुधावर साय धरावी तसा.
उर्वेबाईंचे वडील तेव्हा रोज पहाटे
खांद्यावर पहार टाकून निघायचे.
भोक पाडायचे, हात घालून जाडी मोजायचे:
चार बोटं, तर एकटा माणूस.
वीतभर, तर घोडा, घसरगाडीसकट.
त्याआधी कुणी घाई केली
तर वाद घालायचे नाहीत,
नुसते त्याच्या बुटांकडे बघायचे,
जणू ते आता कुणाला द्यावेत या विचारात.

बाईंनी गाणं असंच शिकवलं.
शाळेची मागली खोली, लाकडाची शेगडी,
सतरा पोरं, वाळत घातलेल्या मोज्यांचा वास,
आणि वरच्या तीन पट्ट्या मुक्या असलेला पियानो.
त्या मुक्या पट्ट्यांपर्यंत बाई कधी गेल्याच नाहीत.
"शेजारचा ऐकू यायला हवा," एवढाच नियम.
"तो ऐकू येईनासा झाला, की समजा
तुम्ही गात नाही, भांडताय."
सर्दी झालेल्यानं यायचं, बसायचं, कान द्यायचे.
मुख्याध्यापक काल्यो एकदा दारात उभे राहून म्हणाले,
मागच्या बाकापर्यंत काही पोचत नाही.
बाई म्हणाल्या, बाक पुढे घ्या.

त्यांचा स्वतःचा आवाज वाळू मिसळलेला.
अकराव्या वर्षी, तापात, मोठ्या मैदानावर
कुठल्याशा पाहुण्यांसाठी
तीन दिवस गाऊन घेतलं होतं त्यांच्याकडून.
हे त्यांनी एकदाच सांगितलं,
शेगडीत लाकूड सारताना, पाठमोऱ्या.
उरलेल्या पाच सुरांत त्यांनी आम्हाला सगळं दिलं.

आणि मी, आत्स. माझा सूर सगळ्यांत उंच.
हाप्सालूच्या वसंतमेळ्यात
एकट्यानं गायची ओळ माझी.
फेब्रुवारीत, त्याच ओळीच्या मधोमध,
माझा आवाज फुटला.
केर्स्ती हसली, मग सगळे.
बाईंनी पियानोचं झाकण लावलं.
"किती दिवस लपवतोयस?"
तीन आठवडे. होडीच्या पडवीत, दार लावून,
मी तो सूर ओढत होतो,
रुतलेलं जाळं ओढावं तसा.

त्या मला समुद्रावर घेऊन गेल्या.
बर्फ आता दीड वीत. संध्याकाळ, वारा नाही.
अचानक पायांखालून, खूप लांबून,
काहीतरी कडाडत आलं आणि गेलं.
मी त्यांची बाही धरली.
"वाटतं, तुटला," त्या म्हणाल्या.
"जाड होताना असाच बोलतो.
फक्त आत्ता त्यावर कुणी नाचायचं नाही."

माझी ओळ केर्स्तीनं गायली.
मी दीड वर्ष तिची पानं उलटली.
राग होताच; बाईंच्या सायकलची हवाही सोडली एकदा.
मग एका सकाळी, पाव कापताना,
शेजारच्या खोलीत कुणी जड टेबल सरकवावं
तसा एक सूर आला.
माझाच होता.

आता माझी पिरेत, सहा वर्षांची,
फेरीबोटीच्या कठड्याशी उभी राहून गाते,
इंजिनाला हरवायचंच म्हणून.
गळ्याच्या शिरा दोऱ्यांसारख्या.
"धक्का येईपर्यंत थांब," मी म्हणतो.
ती फुगून बसते.
धक्का येतो. इंजिन थांबतं.
इतकं शांत, की दोरखंडाचं करकरणं ऐकू येतं.
"आता गा."
"विसरले," ती म्हणते,
आणि उड्या मारत उतरते,
काहीतरी दुसरंच गुणगुणत,
मला जेमतेम ऐकू येईल इतकंच.