शिरोरेषा

लेआंद्रा किरोस सोऱ्याच्या गोदामात पोती मोजायची,
दिवसाची चारशे.
हिशोबाच्या पाठकोऱ्या कागदांवर कविता.
विरामचिन्हं नाहीत, क्रियापदं तर नाहीतच;
मुकादम म्हणे, ही बाई वाक्यं अर्धी टाकून घरी जाते.
उभ्या आयुष्यात एक पुस्तक, एकेचाळीस पानं,
त्यातलं सतरावं घेऊन मी चार वर्षं बसलेय,
आणि आज दुपारपासून दांडिया बाजारात,
पंचालांच्या छापखान्यात, बंद पंख्याखाली.

सतराव्या पानावर तिचा भाऊ खाणीत पडतो.
एवढंच.
त्याच्या नावाचं एकेक अक्षर पानावरून खाली, खाली.
स्पॅनिशमध्ये ते जमतं. तिथली अक्षरं
जमिनीवर पाय टेकून उभी असतात,
जमीन काढली की गेली.
आमची टांगलेली. वाळत घातल्यासारखी,
दोरीला मुठी घट्ट.
अ पडला तरी आपला तुकडाभर दोर घेऊन पडतो,
म्हणजे पडत नाहीच,
लोंबतो नुसता जरा खालच्या मजल्यावर.

नटुभाईंना म्हटलं, कानस घ्या, वरची रेघ घासून टाका.
ते चष्म्यावरून बघत राहिले,
जणू मी कुणाचं कुंकू पुसायला सांगितलं.
मग उठून मागचा खण ओढला, गुजराती टाइपाचा.
"बेन, अमारे त्यां दोरी ज नथी."

અ

    ન

        સે

आणि ल्मो अडला.
अर्धा ल, मो-च्या खांद्याला टेकलेला;
सुटा केला तर त्या नावाचा माणूस राहत नाही.
नटुभाई म्हणाले, जोडीनंच जाऊ द्या.

            લ્મો

"खाण केटली ऊंडी?"
तिनं लिहिलेलं नाही. पुढं पान कोरं आहे.
मला वाटायचं, कोरं म्हणजे काही नाही.
नटुभाईंनी कोऱ्यासाठी शिशाच्या पट्ट्या काढल्या,
शाई लागू नये इतक्या बुटक्या,
एकाखाली एक रचत गेले, बोटं काळी होईतो,
पार तळापर्यंत.

फर्मा एकट्यानं उचलेना.
शेजारच्या बांगडीवाल्याचा मुलगा बोलावला.
त्यानं दोन्ही हातांनी पेललं, वाकून बघितलं,
म्हणाला,
"आमां तो कंई छे ज नहीं."