अब्दागिरी

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर आहे.
महाद्वार रोडचा टेलर टेप लावतो, दर वेळी विचारतो,
काका, हमाली केली काय?
तसंच म्हण, म्हणतो मी.

एकोणीस वर्षं अब्दागिरी धरली.
आधी बाबांनी, त्यांच्या आधी आज्यानं.
सरकार चालले की सावली चालायची,
सरकार थांबले की थांबायची,
आणि सावलीच्या काठाबाहेर, उन्हात, मी.
काठीचं टोक पट्ट्याच्या चामडी खोबणीत,
वर जरीचं पान.
रंकाळ्याकडून वारा आला की ते शिडासारखं भरायचं
आणि मी दात आवळून उभा.

संस्थान एका सहीत गेलं.
बाकीचं जरा जरा करत गेलं.
हत्तीण गेली. (विकली नाही. वारली.)
मग एका सकाळी सरकार जिना उतरून आले,
पांढरा शर्ट, कापशी चप्पल,
माझ्या हाताकडे बघत म्हणाले,
भैरू, आज ते नको. लोक हसतील.

कचेरीतून चिन्ह मिळालं: छत्री.
दिवाणजी हसले नाहीत.
मी हसलो, घोड्यांच्या पागेत जाऊन.
मतपत्रिकेवर श्रीमंत नव्हतं, बहादूर नव्हतं.
आडनावाच्या अक्षरानं चौथा नंबर,
वर एक शिंपी, एक वकील, एक गुळाचा अडत्या.

मागायचं कसं, ते त्यांना येत नव्हतं.
शाहूपुरीत ढेपांच्या थप्पीसमोर उभं राहून म्हणाले,
आम्हांस मत द्यावे.
हौसाक्का माश्या वारत होती. मान वर न करता म्हणाली,
आम्ही म्हणजे किती जण?

जीपमध्ये कोणी बोललं नाही.
कळंब्यापर्यंत त्यांचे ओठ हलत होते.
मी मागं बसून ऐकलं:
मी. मला. मला मत द्या.
पोरानं पाढे घोकावेत तसं.

पंधरा दिवसांत नाकाची साल निघाली.
राणीसाहेब डब्यातून काकडी पाठवायच्या.
मोकळ्या हातांचं काय करायचं, मला कळेना.
पत्रकं वाटली.

सहाशे बारा मतांनी आले.
दिल्लीला गेले, तिथून पत्रं यायची,
थंडी फार, रस्सा मिळत नाही,
भाकरी करणारी बाई शोधतो आहे.
मग तनखे बंद करायचा कायदा आला
आणि मत द्यायला हेही तिथंच बसलेले.
कोणी म्हणतं विरोधात दिलं,
कोणी म्हणतं बाजूनं, कोणी म्हणतं उठून गेले.
मला एवढंच सांगितलं:
बटन लहान होतं, भैरू. अंगठीच्या खड्याएवढं.

पुढच्या खेपेला समोर गुऱ्हाळवाल्याचा पोरगा उभा राहिला,
बी. ए. झालेला, आवाज खणखणीत.
आमच्या वॉर्डाचं केंद्र मराठी शाळेत.
रांग मैदानभर, कौलांची सावली फक्त मास्तरांच्या खुर्चीवर.
मी पुढं. माझ्या मागं दोन बाया.
त्यांच्या मागं सरकार.
कोणी म्हणालं, पुढं या साहेब.
ते म्हणाले, नको.
माझा उजवा हात आपोआप खांद्यापर्यंत वर आला.
मी तो खाली घेतला, टोपी सारखी केल्यासारखं केलं.

पडले. मोठ्या फरकानं.

आठवड्यानं माझ्या घरी आले. पहिल्यांदाच.
पत्र्याच्या खुर्चीवर बसले,
भिंतीला टेकवलेली अब्दागिरी बघितली,
जरीच्या जागी आता निळा चटपटीत प्लास्टिकचा कागद,
बायको तिच्याखाली सांडगे वाळवते.
ते हसले. मनापासून हसले.
मग म्हणाले, रांगेत ऊन लागत होतं रे.
लागतं, मी म्हणालो.

शिक्का कुठं मारलास, त्यांनी विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
तीन पिढ्यांत आमच्या घरानं सरकारांपासून लपवलेली
ती पहिली गोष्ट.
चहात साखर जास्त पडली होती.
त्याबद्दलही ते काही बोलले नाहीत.