सत्तावीस

तीन आठवडे पेशी हिरव्या दिसत होत्या.
आईला फोनवर सांगूनही टाकलं, जमलं म्हणून.

शिर्के मॅडम म्हणाल्या, उजेडावर जाऊ नकोस.
उकळ.

उकळलं. प्रथिनाची घडी मोडली,
घडीबरोबर हिरवा रंगही गेला.
मग पांढऱ्या मेंब्रेनवर अँटिबॉडी,
कुठल्याशा सशाच्या रक्तातून काढलेली,
हजारात एक, दुधाच्या पावडरीत.
तिला चमक लागत नाही,
मोडक्या घडीतलीही ओळख पुरते.

डबी रात्रभर कोल्डरूममध्ये डुलत राहिली.
मी फतेगंजात सेव-उसळ खाल्ली;
बडोद्याचा मे, घामाघूम,
आणि तर्री न मागता दोनदा आली.

दुसऱ्या दिवशी धुणं, दुसरी अँटिबॉडी, पुन्हा धुणं.
अंधारखोली. फिल्म.
पट्टी हवी होती नव्वदच्या वर.
तिथे काही नाही.
पार खाली, सत्तावीसवर,
एक जाड काळी रेघ:
नुसता टॅग. माझं प्रथिन केव्हाच तुटून गेलेलं.

धोब्याची खूण सापडली,
सदरा नाही.

लॅबमधल्या रावजीने फिल्म खिडकीशी धरली.
"ताई, आली की रेघ!"
आली, म्हटलं.

वहीत तारीख घातली.
ससा कुठला होता कोण जाणे,
खोटं बोलला नाही.