एक धडा पुढे

मंगळवारी चर्चच्या तळघरात मी इतिहास शिकवते.
चार मुलं, घडीच्या खुर्च्या,
पिंगपाँगच्या टेबलावर वह्या.
मला इतिहास येत नाही.
मी त्यांच्यापेक्षा एक धडा पुढे असते, एवढंच.
सोमवारी रात्री भांडी विसळून झाली की
वॉशिंग मशीनच्या घरघरीत तारखा पाठ करते.

भिंतीवर आम्ही कागदाचा पट्टा चिकटवलाय,
खाटकाच्या दुकानातला तपकिरी रोल.
भट्टीपाशी एदेन बाग,
खिडकीखाली मोशे, मग रोम,
जिन्याला वळसा घालून जहाजं,
आणि फ्रिजपाशी पोचेतो आपण.
मधे एका ठिकाणी पाइप गळतो.
तिथलं शतक दरवर्षी भिजतं,
दरवर्षी नव्यानं लिहावं लागतं.

नवरा म्हणतो, घरी शिकवण्याचा हाच फायदा,
काय शिकवायचं ते आपल्या हातात.
मीही तसंच म्हणायचे.

ऑक्टोबरात गृहपाठ दिला:
पुस्तक बाजूला ठेवा. एक जुना कागद शोधा.
तो काय सांगतो ते लिहा.
थॅडियसनं खापरपणजोबांचा शिकारीचा परवाना आणला.
ओबेदनं बियाण्यांची पावती, उंदरानं कुरतडलेली.
जेरुशा विसरली.
माझ्या तिर्झानं याच चर्चची नोंदवही आणली,
वरच्या कपाटातली, लव्हलकाकांकडून किल्ली मागून.

उभं राहून वाचलं तिनं, सपाट आवाजात,
प्रार्थनेच्या विनंत्या वाचते तसं:

"जून, दुसरा रविवार. नदीत बाप्तिस्मा.
बंधू एलम प्रुएट. त्यांची पत्नी.
फीबी, बंधू प्रुएट यांची.
आयशम, बंधू प्रुएट यांचा.
एक पोर, बंधू प्रुएट यांचं."

प्रुएट म्हणजे आम्हीच.

"आई, 'यांची' म्हणजे?"

एवढासा प्रत्यय.
त्यात दोन माणसं आणि एक पोर मावलं.
सोळा वर्षांच्या मुलीला ठाऊक होतं सगळं.
तिला ते माझ्या तोंडून हवं होतं.
मी सवयीनं उत्तरांची पुस्तिका उघडली.
धडा अकरा. प्रश्न नऊपर्यंतच.
ओबेद पेन्सिलीला टोक काढत राहिला,
टोक होतं तरी.

त्याच नदीत माझाही बाप्तिस्मा झालाय.
पाणी ते नव्हे, पण काठ तोच,
तोच निसरडा दगड, ज्याला धरून आम्ही वर येतो.
कुणीतरी फीबीचा हात धरला असेल,
भगिनी म्हटलं असेल तिला,
आणि ओल्या कपड्यांनी ती
बंधू प्रुएटांच्या स्वयंपाकघरात परतली असेल,
रविवारचं जेवण वाढायला.

मी म्हटलं: विकत घेतलेली.
तळघरात तो शब्द फार मोठा वाजला नाही.
फ्रिज चालूच होता.
मी म्हटलं: आपण. आपल्या माणसांनी.
रडू जेरुशाला आलं.
तिचं आडनाव वेगळं आहे.

शास्त्र वाचताना मधेच नावांच्या याद्या येतात,
अमक्याचा तमका, तमक्याचा ढमका.
तिथे आम्ही पानं उलटतो. मुलं पेंगलेली, उशीर झालेला.
देवाला पाठ आहेत ती नावं, असं मी सांगते.

तिर्झानं मार्कर घेतला, पट्ट्याशी गेली.
गळक्या पाइपाखाली जागा होती.
फीबी, लिहिलं. आयशम.
मग मागे वळली.
"पोराचं नाव?"

गुरुवारी जिल्ह्याच्या कचेरीत गेले, एकटीच.
कारकून बाई म्हणाली, वंशावळ शोधताय का?
मी म्हटलं, हो. मग म्हटलं, नाही.
एलम प्रुएटच्या मृत्युपत्रात एक घोडी आहे,
तिचं नाव आहे, डचेस.
पोरही आहे.
"पोर", एवढंच.

अजून नवऱ्याला सांगितलेलं नाही.
आडनाव त्याचं. रक्त त्याचं आणि तिर्झाचं.
धडा बारा मी वाचलेला नाही.

आज जेवताना तो म्हणाला,
शनिवारी तळघरातला पाइप एकदाचा दुरुस्त करतो.
म्हणजे शनिवारी तो तिथे उभा राहील,
हातात पान्हा, डोळ्यांसमोर नावं.

मी म्हटलं, बरं.
आणि त्याला आणखी बटाटे वाढले.