तिसरा रकाना

माझ्या खोलीत दोन खाटा, एक वजनकाटा,
भिंतीला उंची मोजायची पट्टी,
आणि एक वही. वहीत दोन रकाने:
डावीकडे जपानी, उजवीकडे इंग्रजी.
शाळेचा नियमच तसा. सकाळी गणित एका भाषेत,
जेवणानंतर तेच गणित दुसरीत,
अपूर्णांक मधल्या सुट्टीत कपडे बदलून येतात.

मी इथली परिचारिका. गुडघे पुसते, ताप बघते,
पडलेले दात कागदात गुंडाळून देते.
खालचा दात छपरावर फेकायचा, अर्धी मुलं सांगतात,
उशीखाली ठेवायचा, म्हणतात उरलेली.
इंगाचा दात महिनाभर दप्तरातच आहे.
ठरत नाही तिचं.

दुखण्याला जपानीत आवाज किती!
झुकिझुकि म्हणजे ठणका,
चिकुचिकु टोचणी,
हिरिहिरि चुरचुर, किरिकिरि पोटातला पिळा.
उजव्या रकान्यात मात्र मी एकच शब्द लिहीत राहते.
दोष त्या भाषेचा नसेल.
मी ती चाळिशीत शिकले, कॅसेट लावून, भांडी घासताना.

मंगळवारी, तिसऱ्या तासाला, काउआँ येतो.
चपला जोडून ठेवतो, तोंडं दाराकडे,
आणि पोट धरतो.
किरिकिरि का रे?
मान हलवतो, नाही.
इंग्रजीत विचारते. तेही नाही.
ताप नाही. जीभ स्वच्छ.
वर्गात त्या वेळी मित्सुएबाई
निबंध मोठ्यानं वाचून घेत असतात, 'आमचं घर',
आधी या भाषेत, मग त्या.

त्याचा बाप पियानोच्या कारखान्यात पट्ट्या घासतो,
फक्त काळ्या.
आई रात्रपाळीला जेवणाचे डबे भरते.
दोघं सकाळी साडेसहाला जिन्यात भेटतात म्हणे,
आणि जिन्यात जे बोलतात
ते वेळापत्रकात कुठल्याच तासाला नाही.

एकदा वारा सुटला होता, हामामात्सुचा, कोरडा, हिवाळी,
मैदानाची धूळ थेट खिडकीच्या खोबणीत.
तो पालथा पडून उशीत काहीतरी पुटपुटला.
एकच शब्द, आखूड, जड,
तोंडातून नाही, बेंबीतून आल्यासारखा.
परत म्हण.
'दॉय.'

मी पेन्सिल घेतली
आणि वहीत आणखी एक रेघ मारली.
पट्टी नव्हती हाताशी. वाकडी आली.
लिही, म्हटलं.
त्यानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं,
मधल्या अक्षराच्या डोक्यावर
एक बारीक तिरपी काडी ठेवली, जपून,
ती पडली तर दुखणंच पडेल अशी.
मग मला म्हणायला लावलं.
माझा उच्चार ऐकून इतका हसला
की शेजारच्या खाटेवर तापानं फणफणलेली रिओना उठून बसली.
तिलाही म्हणून बघायचं होतं.

पोट काही थांबलं नाही.
पुढच्या मंगळवारी आला, त्याच्या पुढच्याही.
फक्त आता दारातूनच सांगतो,
कांद्याबटाट्याच्या दुकानात सांगावं तसं:
तिसरा.

मार्चमध्ये मुख्याध्यापकांनी वह्या तपासल्या.
त्यांचं बोट त्या वाकड्या रेघेवर थांबलं.
हे काय आहे, ओनुमाबाई?
मला एका भाषेत सांगता येईना,
दुसरीत तर नाहीच.
मी पोटावर हात ठेवून नुसती उभी राहिले.
त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.
बसा, म्हणाले, दुखतंय का?