कुपी क्रमांक दोनशे सतरा

सत्काराला समाजाचे अध्यक्ष म्हणाले,
मॅडम, दोन शब्द बोला,
आपला माग आणि तुमचं ते जनुक, धागा जोडून.
अंगावर त्यांनीच घातलेली चादर, मोराची.
एप्रिल. बेचाळीस अंश.
मी म्हणाले, नाही जोडता येत.

अप्पांच्या मागावर तार तुटली की आवाज बदलायचा.
झोपेतही त्यांना कळायचं.
माझ्याकडे तुटलेलं काहीच वाजत नाही.

पहिली नऊ वर्षं हिवतापात गेली.
विडी घरकुलात पाणी पाच दिवसांआड,
म्हणून दारोदार पिंप, पिंपावर फळी, फळीवर दगड,
आणि तरी फटीतून आत गेलेला डास.
मी वाडग्याने अळ्या काढायचे.
बायका ओरडायच्या, सांडू नको गं,
सोमवारपर्यंत पुरवायचंय.

मग बोटाच्या टोकाचा थेंब, काचेवर पसरलेला,
जांभळा रंग, आणि मोजणी.
औषधानंतर तिसऱ्या दिवशी रक्तात काही उरायला नको.
उरायचं.
शंभरात दोघांच्या. पुढच्या पावसाळ्यानंतर सातांच्या.
लाल पेशीत बसलेली बारीक अंगठी,
एकच खडा लावलेली,
कुणाच्या तरी लग्नात हरवल्यासारखी.
अहवालात मी लिहिलं : प्रतिकार.
लस टोचल्यावर अंगात येतो, तोही प्रतिकारच.
कुणाची बाजू घ्यायची
हे भाषेने अजून ठरवलेलं नाही.

आता क्षय.
चाचणीत आमच्याच पेठेतली एकशे दहा पोरं,
निम्म्यांना नवी लस, निम्म्यांना मिठाचं पाणी.
कुणाला काय, ते लांबच्या शहरात, कुलपात.
कुपीवर फक्त आकडा.
दोनशे सतरा म्हणजे व्यंकटेश इराबत्ती, वय एकोणीस,
चादरीच्या कारखान्यात रात्रपाळी,
डाव्या दंडावर जन्मानंतरच्या लसीचा व्रण, तांदळाएवढा.
सुई मीच टोचली.
तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

अकराव्या महिन्यात खोकू लागला.

त्याची आई नरसव्वा, मांडीवर सूप.
अक्का, निजं चेप्पु, म्हणाली. खरं सांग.
पोराला लस दिलीस का पाणी?
माहीत नाही.
तूच दिलीस ना?
मीच दिली.
तरी माहीत नाही?
नाही.
तिने पान वळलं, दोरा गुंडाळला,
टोक नखाने आत दाबलं.
मी दिवसाला हजार वळते, म्हणाली,
एकेकीत काय भरलंय ते मला ठाऊक असतं.

त्या रात्री मला जे वाटलं
त्याला कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही.
वाटलं, ते पाणीच निघू दे.
म्हणजे लस अजून खोटी ठरलेली नसेल.
मग उठून मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं,
बराच वेळ मारत राहिले.

व्यंकटेश औषधावर आहे.
बेचाळीस किलो, चव्वेचाळीस, मध्ये एकदा त्रेचाळीस, मग सत्तेचाळीस.
यादी कधी उघडणार विचारतो.
दीड वर्षाने, मी सांगते.
मग फोन करा, म्हणतो.
पाणी असलं तर पाणी म्हणूनच सांगा.

परवा दुपारी वीज गेली. जनरेटर रुसलेला.
पोरांचं रक्त ठेवलेल्या फ्रीजरवर
हाताशी होतं ते सगळं टाकलं : गोणपाट, माझा कोट,
आणि ती सत्काराची चादर,
थंडी आत कोंडून राहावी म्हणून.
तो गोळ्या घ्यायला आलेला.
मास्कमधूनच हसला,
हे आमच्याच कारखान्यातलं, मॅडम,
आणि मोराच्या मानेपाशी बोट ठेवलं :
बघा, इथे एक तार चुकलीय.

मी वाकून पाहिलं.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
मला दिसली नाही.